निवृत्तीनंतर हिमाचल किंवा उत्तराखंडात घर : आपला सातबारा तिकडे चालतो का?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

सर्वांना नमस्कार. मी आणि माझी पत्नी दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून पुढच्या वर्षी सेवानिवृत्त होत आहोत. मुलीचा संसार पुण्यात आहे. गावाकडे माझ्या नावावर थोडी कोरडवाहू जमीन आहे, ती धाकटा भाऊ कसतो. पत्नीला दम्याचा त्रास आहे आणि आमच्याकडचा उन्हाळा, त्यातली धूळ व झळा तिला वर्षागणिक अधिक जड जात आहेत. त्यामुळे निवृत्तीच्या रकमेतून डोंगराळ प्रदेशात लहानसे घर घ्यावे आणि वर्षाचा बराचसा काळ तेथेच राहावे, असे आम्ही दोघांनी ठरवत आणले आहे. हिमाचल प्रदेशात पालमपूरचा परिसर आणि उत्तराखंडात मुक्तेश्वर ही दोन ठिकाणे आम्ही ऑक्टोबर महिन्यात पाहिली आणि दोन्ही मनापासून आवडली.

पालमपूरजवळ एका मध्यस्थाने आम्हाला एक भूखंड दाखवला. "तुमच्या नावावर सातबारा आहे म्हणजे तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला परवानगीची गरज नाही," असे तो तेव्हा म्हणाला. आता फोनवर तो असे सांगतो की, हरकत निघालीच तर खरेदीखत एका स्थानिक माणसाच्या नावावर करू आणि तुम्हाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र व ९९ वर्षांचा भाडेपट्टा करून देऊ. इसाराची रक्कम या महिन्यातच द्यावी, असा त्याचा आग्रह आहे. त्याचे म्हणणे कायद्याला धरून आहे का, उत्तराखंडातील नियम याहून वेगळे आहेत का, आणि साठीच्या आसपासच्या, त्यातही दमा असलेल्या माणसाने तेथे बाराही महिने राहणे कितपत शक्य आहे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

महसुली वकील (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, सर्वप्रथम इसाराची रक्कम देऊ नका. मध्यस्थाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि दुसरी गोष्ट तर तुमची सगळी पुंजी घालवू शकते.

हिमाचल प्रदेशात १९७२ चा कुळवहिवाट व जमीन सुधारणा अधिनियम लागू आहे आणि त्याचे कलम ११८ असे सांगते की, शेतकरी नसलेल्या व्यक्तीकडे जमिनीचे हस्तांतरण राज्य सरकारच्या परवानगीशिवाय होऊ शकत नाही. येथे 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या महत्त्वाची आहे, कारण हिमाचल प्रदेशातील जमीन स्वतः कसणारा जमीनमालक किंवा कूळ एवढाच या व्याख्येत बसतो. सेलू तालुक्यातील सातबारा कितीही जुना आणि निर्वेध असला, तरी त्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही शेतकरी नाही. पिढ्यान्‌पिढ्या हिमाचलात राहणाऱ्या, पण शेती नसलेल्या कुटुंबांनाही हेच कलम लागू होते, त्यामुळे केवळ तेथे वास्तव्य करून ही अट आपोआप सुटत नाही.

परवानगी मिळते, मात्र ती हेतू सांगून घ्यावी लागते. राहत्या घरासाठी कमाल ५०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण पाच गुंठे जमीन घेता येते. अर्ज जिल्ह्याच्या उपायुक्तांमार्फत सरकारकडे जातो, आणि ज्या कारणासाठी परवानगी मिळाली त्याच कारणासाठी जमीन ठरलेल्या मुदतीत वापरावी लागते. घरासाठी घेतलेल्या जागेवर दुसराच व्यवसाय उभा केला किंवा ती तशीच पडीक ठेवली, तर जमीन सरकारजमा होऊ शकते. राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, ज्याला तेथे हिमुडा म्हणतात, जी तयार घरे विकते त्यांना या कलमातून सूट आहे. निवृत्त माणसाला वाळू-सिमेंटच्या मागे धावायचे नसेल, तर हा मार्ग मला अधिक बरा वाटतो.

आता मुखत्यारपत्र आणि भाडेपट्टा. कलम ११८ मध्ये 'हस्तांतरण' या शब्दात केवळ विक्री येत नाही. बक्षीसपत्र, मृत्युपत्र, अदलाबदल, भाडेपट्टा आणि ताबेगहाण हेही येते. स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी करून पैसे बाहेरच्याने द्यायचे, ही पळवाट त्या सरकारला फार जुनी माहीत आहे आणि असे बेनामी व्यवहार उघड झाले की जमीन घरासकट सरकारकडे जाते. शिवाय ज्याच्या नावावर तुम्ही खरेदी कराल, त्याने किंवा त्याच्या वारसांनी उद्या हात वर केले, तर तुम्ही कोणत्या न्यायालयात काय सांगणार? बेकायदा व्यवहार सिद्ध करून हक्क मागता येत नाही. तो मध्यस्थ त्याचे कमिशन घेऊन बाजूला झालेला असेल.

पालमपूरविषयी आणखी एक गोष्ट. तो चहाच्या मळ्यांचा भाग आहे आणि चहाखालील जमिनींना कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून मिळालेली सूट त्या चहाखाली राहतील याच अटीवर आहे. तुम्हाला दाखवलेला भूखंड मळ्याला लागून असेल, तर त्याची जमाबंदी आणि ततिमा पाहिल्याशिवाय पुढचे बोलणेही करू नये. जमाबंदी म्हणजे आपल्या सातबारा व आठ-अ यांच्या जवळचा उतारा, ततिमा म्हणजे पोटहिश्श्याचा नकाशा आणि इंतकाल म्हणजे फेरफार. मोजमाप कांगड्यात कनाल व मरल्यात आणि शिमल्याकडे बिघा व बिस्व्यात चालते. निजामकाळाचे दप्तर हाताळलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे शब्द फार परके वाटणार नाहीत.

उत्तराखंडाचा कायदा वेगळा आहे. तेथे नगरपालिका हद्दीबाहेर बाहेरच्या व्यक्तीला घरासाठी जमीन घेण्याची मर्यादा पूर्वी ५०० चौरस मीटर होती, ती २००७ मध्ये २५० चौरस मीटरवर आणली गेली. २०२५ च्या सुधारणेने हरिद्वार आणि उधमसिंह नगर हे दोन जिल्हे वगळून उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची व फळबागेची जमीन घेण्यास बंदी केली आहे. घरासाठीची २५० चौरस मीटरची सवलत राहिली आहे, पण ती कुटुंबाला एकदाच मिळते आणि तसे शपथपत्र द्यावे लागते. तेथील पहाडी माप नाली हे आहे. एक नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर, आपले दोन गुंठे, म्हणून तुम्हाला मुक्तेश्वरच्या ग्रामीण भागात सव्वा नालीपेक्षा जास्त जागा घेता येणार नाही. "पाच नाली फळबाग, घरासह" अशा जाहिराती दिसतात, त्या तुमच्यासाठी नाहीत. खतौनीवर, म्हणजे तेथील हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, 'गोल खाता' म्हणजे न वाटलेले सामाईक खाते असेल, तर तेही सोडून द्यावे, कारण दिल्ली-मुंबईला गेलेला एखादा चुलतभाऊ दहा वर्षांनी परत येऊन आपला हिस्सा मागू शकतो आणि त्याची मागणी रास्तच असते.

बालाघाट (अंबाजोगाई)

वकीलसाहेबांनी कायदा स्पष्ट केला, परंतु मला मूळ प्रश्न पडतो. आपण सर्व एका देशाचे नागरिक असताना निवृत्त शिक्षकाने स्वतःच्या कष्टाच्या पैशातून पाच गुंठे जागा घ्यायला सरकारच्या परवानगीची वाट का पाहावी? देशात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. त्या राज्यांतील माणसे पुण्यात आणि संभाजीनगरात घरे घेतात, त्यांना कोणी अडवत नाही. गुरुजींनी हा विचारच सोडून आपल्याच म्हैसमाळकडे एखादी जागा पाहावी, असे मला वाटते.

महसुली वकील (छत्रपती संभाजीनगर)

तुमची भावना मी समजू शकतो, तरी हा कायदा अन्यायाचा आहे असे मला वाटत नाही. वास्तव्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे, पण त्याच अनुच्छेदात सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांची तरतूदही आहे. आणि मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिलेला नाही. आपल्या मराठवाड्यातही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे आणि शेतकरी नसलेल्या माणसाला आपल्याकडेही शेतजमीन सहज घेता येत नाही. पुण्यात ते जी घरे घेतात ती बिगरशेती जागेवरची असतात.

हिमाचलाचे पहिले मुख्यमंत्री यशवंत सिंह परमार यांच्या काळात हा कायदा झाला. डोंगरी राज्यात कसण्याजोगी जमीन थोडी, धारणा लहान आणि मैदानातील माणसाच्या हातात पैसा जास्त, अशा स्थितीत दोन-तीन चांगल्या किमतींच्या मोहाने तेथील शेतकरी भूमिहीन झाला असता. मोठ्या शहराजवळच्या गावांचे काय होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे: जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा त्याच जागेवरच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा असतो. हिमाचलाने ते बऱ्याच अंशी टाळले, याचा मला आदर वाटतो. बाहेरून जाणाऱ्या माणसाने ही परवानगी रीतसर मागावी, त्यात त्याचेही संरक्षण आहे.

कुमाऊँवासी ताई (मूळ नांदेड, सध्या राणीखेतजवळ)

गुरुजी, कायद्याचे वकीलसाहेबांनी सांगितले, मी राहण्याविषयी लिहिते. माझे पती लष्करात होते, त्यांच्या नोकरीमुळे उत्तराखंडाच्या कुमाऊँ भागातील राणीखेतशी संबंध आला आणि निवृत्तीनंतर आम्ही येथेच एका खेड्यात भाड्याच्या घरात राहू लागलो. जागा विकत घेतलेली नाही आणि घ्यावी असे अजून वाटलेले नाही.

तुम्ही दोन्ही ठिकाणे ऑक्टोबरमध्ये पाहिली, हे वाचून मला थोडी काळजी वाटली. ऑक्टोबरमध्ये आकाश धुतलेले असते, नंदादेवी आणि त्रिशूल घरबसल्या दिसतात, झरे वाहत असतात, रस्ते नुकतेच दुरुस्त झालेले असतात. त्या महिन्यात येथे कोणतीही जागा वाईट दिसत नाही. खरी परीक्षा मे-जून, ऑगस्ट आणि जानेवारी या काळात होते.

वहिनींच्या दम्यासाठी मे महिना सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या झळांपासून सुटका होते हे खरे, पण येथे एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत चिडाची जंगले पेटतात. चिड म्हणजे पाइन. त्याची वाळलेली सुयांसारखी पाने, ज्यांना येथे पिरूल म्हणतात, जंगलभर पसरलेली असतात आणि ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर जळतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालजवळची आग विझवायला हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले होते. अशा दिवसांत दरीत धूर साचतो, समोरचा डोंगर दिसत नाही आणि ज्यांना दमा नाही त्यांनाही खोकला लागतो. बांज, म्हणजे ओकच्या जंगलाजवळच्या गावांत हा त्रास कमी असतो, कारण बांजाखालची जमीन ओलसर राहते. म्हणून जागा पाहताना आजूबाजूला चिड आहे की बांज आहे, हे आवर्जून पाहा. पाण्याचेही तेच आहे; बांजाच्या वनाखालचे झरे आणि नौले, म्हणजे दगडात बांधलेली जुनी पाणवठ्याची कुंडे, उन्हाळ्यात अधिक काळ टिकतात.

पाण्याचे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडून येणाऱ्या माणसाची समजूत अशी असते की हिमालयात पाण्याला काय तोटा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१८ च्या मे-जूनमध्ये, शिमल्यात नळ कोरडे पडले आणि पर्यटकांनी येऊ नये अशी विनवणी स्थानिक लोक करू लागले होते. नदी खाली दरीत वाहते आणि गाव वर डोंगराच्या धारेवर असते. गावातले पाणी झऱ्याचे असते, झरे आटत चालले आहेत आणि नव्या बंगल्यांच्या कूपनलिका त्यात भर घालतात. आमच्या घराला पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आहे, तिच्यावर आम्ही बरेच दिवस काढतो.

दवाखान्याचा विचार अंतरात करू नका, वेळेत करा. मुक्तेश्वरहून मोठ्या रुग्णालयासाठी हल्द्वानीला उतरावे लागते. नकाशावर ते जवळ वाटते, पण वळणांचा रस्ता, पावसाळ्यात कोसळणारी दरड आणि सुट्टीच्या हंगामात भवाली-कैंची भागातली वाहनांची रांग यांत रुग्णवाहिका अडकते. त्या मानाने पालमपूर उजवे आहे. ते सुमारे १,२०० मीटर उंचीवर असल्याने थंडी सोसवते आणि कांगडा जिल्ह्यातच टांडा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुक्तेश्वर सुमारे २,२०० मीटरवर आहे, तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो, नळ गोठतात, वीज जाते. मात्र पालमपूर-धरमशाळेचा पट्टा हिमाचलातील सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. परभणीला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक तेथे पडतो, भिंतींना ओल येते आणि बुरशी दम्याला वाईट. सेलूच्या माणसाला दोन महिने सूर्य न दिसणे किती जड जाते, हे तेथे राहूनच कळेल.

माणसांविषयी मात्र निर्धास्त राहा. शेजारी आडवेळेला धावून येतात. वानरे आणि रानडुकरे बागेत काही टिकू देत नाहीत आणि संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने लवकर घरात यावे लागते, एवढे सांभाळले म्हणजे झाले.

बांधकाम अभियंता (औसा, जि. लातूर)

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. मी त्यात फक्त जमिनीच्या पोटाविषयी भर घालतो, कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या तालुक्याने भोगलेली आहे. किल्लारी-सास्तूर भागात माणसे भूकंपापेक्षाही घरांमुळे अधिक दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, असे ते बांधकाम होते. तोवर आपला भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात होता. हिमाचल आणि उत्तराखंडाविषयी असा समज करून घ्यायलाही जागा नाही. भारतीय उपखंडाचा भूपट्ट तेथे तिबेटखाली सरकत आहे, आणि कांगड्याला, म्हणजे तुमच्या पालमपूरच्याच भागाला, ४ एप्रिल १९०५ रोजी झालेल्या भूकंपात सुमारे २० हजार माणसे गेली.

तेथील जुनी घरे पाहिली तर लक्षात येते की लोकांनी यावर विचार केलेला होता. काठकुणी पद्धतीत दगडाच्या थरांमध्ये देवदारच्या तुळया आडव्या घालतात आणि कोपऱ्यात एकमेकींत गुंतवतात, त्यामुळे भिंत हलते पण विखुरत नाही. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात आपण जोते, दारांची वरची पातळी आणि छत या ठिकाणी काँक्रीटचे सलग पट्टे घालायला शिकलो, त्यामागचे तत्त्वही तेच आहे. आज तेथे जे नवे बांधकाम होते, त्यात मात्र तीव्र उतारावर बारीक खांब उभे करून त्यावर तीन-चार मजले चढवलेले दिसतात. समोरून एकच मजला वाटतो आणि दरीच्या बाजूने पाहिले की पोटात धस्स होते. असे घर कोणी कितीही स्वस्त दिले तरी घेऊ नका.

भूकंपापेक्षा अधिक वेळा येणारे संकट म्हणजे दरड आणि पूर. जोशीमठ हे गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेले आहे, तेथे जड बांधकाम करू नये असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते आणि २०२३ च्या जानेवारीत तेथील शेकडो घरांना भेगा गेल्या. त्याच वर्षी १४ ऑगस्टला शिमल्याच्या समर हिल भागात शिवमंदिरावर दरड आली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशीतील धराली गावाचा बाजार खीर गाडच्या लोंढ्याने गाडला. धरमशाळेजवळ भागसूनागला २०२१ च्या जुलैत नाल्याने मोटारी वाहून नेल्या. या घटनांत एक साम्य मला दिसते. ओढ्याने हजारो वर्षांत आणून टाकलेला गाळ आणि दगडगोटे यांची सपाट पंखाकार जागा बांधायला सोपी असते, म्हणून बाजार आणि हॉटेले तेथेच उभी राहतात, आणि ओढा केव्हातरी आपली जागा परत घेतो. कांगड्यात अशा ओढ्याला खड्ड म्हणतात, कुमाऊँ-गढवालात गाड किंवा गधेरा. तुमचा भूखंड डोंगरात असूनही फार सपाट असेल, तर ती सपाटी कोणी केली हे आधी शोधा: पाण्याने, की यंत्राने माती कापून.

यंत्राने केली असेल, तर वरच्या बाजूचा उतार उघडा पडलेला असतो आणि त्याला आधारभिंत लागते. हिमाचलात तिला डंगा आणि उत्तराखंडात पुश्ता म्हणतात. तिच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची छिद्रे आहेत का, पावसाळ्यात त्यांतून पाणी येते का, आणि भिंतीला पोट सुटले आहे का, हे पाहा. झाडे बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेली दिसली, तर तो उतार हळूहळू सरकत आहे असे समजावे. डंग्याचा खर्च कित्येकदा घराच्या खर्चाच्या बरोबरीने जातो आणि मध्यस्थ तो कधीही सांगत नाही.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आम्हा दोघांचे मनःपूर्वक आभार. पत्नीने सर्व प्रतिसाद वाचले. मध्यस्थाला मी आजच कळवले की इसार देणार नाही. त्याच्याकडे जमाबंदी आणि ततिमा यांच्या प्रती मागितल्या, त्यावर त्याने "साहेब, विश्वास ठेवा" एवढेच उत्तर दिले, त्यामुळे तो विषय आमच्यापुरता संपला.

बालाघाट यांच्या सूचनेचा मान राखून सांगतो की म्हैसमाळ आम्हाला प्रिय आहे, पण मे महिन्यात तेथेही पत्नीला त्रास होतो. आता आमचा विचार असा आहे की निवृत्तीनंतर प्रथम पालमपूर भागात भाड्याने घर घ्यावे, मे महिन्यापासून संपूर्ण पावसाळा तेथे काढावा आणि जमल्यास हिवाळाही पाहावा. नांदेडहून ऊना जिल्ह्यातील अंब अंदौरापर्यंत आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे आणि अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीहून रोजच मिळते, त्यामुळे येणे-जाणे आवाक्यातले आहे. तेथील पावसाळा पत्नीला मानवला, तरच हिमुडाच्या घरांची चौकशी करू. भाड्याचे घर निवडताना काय पाहावे, हे ताईंनी सांगितल्यास बरे होईल.

कुमाऊँवासी ताई (मूळ नांदेड, सध्या राणीखेतजवळ)

गुरुजी, दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेले घर घ्या. उत्तर उतारावरच्या घरात हिवाळ्यात ऊन येत नाही आणि पावसाळ्यातली ओल जानेवारीपर्यंत भिंतीत राहते, ती वहिनींना बाधेल. झोपण्याच्या खोलीची मागची भिंत डोंगराला चिकटलेली नसावी. मध्ये माणूस चालेल एवढी मोकळी जागा आणि पाण्याची नाली असावी. वाफारा घेण्याचे यंत्र विजेवर चालणारे असेल तर सोबत इन्व्हर्टर घ्या, कारण पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस येत नाही. औषधांचा साठा दोन महिन्यांचा ठेवा. घरमालकाला मे महिन्यात पाणी कोठून आणता हे विचारा, आणि तोच प्रश्न शेजारच्या घरातील बाईंनाही वेगळा विचारा, कारण पाणी त्याच भरत असतात.